हाफ क्लच

आमच्या गाडीचं बिनसलंय हे सगळ्यात आधी सासऱ्यांच्या लक्षात आलं. ते मागच्या सीटवर बसून गाडी चालवतात. म्हणजे स्टिअरिंग तेवढं माझ्या हातात, बाकी कारभार त्यांच्याकडे. चढावर चौथ्या गिअरमध्ये मी ॲक्सिलरेटर दाबला, तसं इंजिन बोंबलत 2000 आरपीएमवरून 4000 वर गेलं. वेगाचा काटा मात्र 50 वर मांडी ठोकून बसला तो बसलाच. "जावईबापू, गाडी ओरडतेय, पण पळत नाहीये," सासरे म्हणाले. इतकं नेमकं निदान पुढचे पंधरा दिवस कुणालाच जमलं नाही. मलाही नाही.

मी आधी पेट्रोलला शिव्या घातल्या. मग एअर फिल्टरला, मग टायरमधल्या हवेला. सासऱ्यांचं वजनही मनात येऊन गेलं, पण ते मनातच ठेवलं. खरं तर इंजिनच दमलं असेल तर आरपीएमसुद्धा कण्हत कण्हत चढतो. इथे इंजिन ठणठणीत होतं, त्याची ताकद चाकांपर्यंत पोचत नव्हती. मधल्या क्लच प्लेटला फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारी जड चकती, आणि प्रेशर प्लेट दोन्हीकडून आवळून धरतात, म्हणून गाडी पुढे जाते. ती पकड सुटली की इंजिन आपल्या नादात आणि चाकं आपल्या. हे सगळं मला ठाऊक होतं. पण क्लचचं काम म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणं, आणि त्या खर्चाच्या विचाराने माणूस हवेवरही संशय घेतो.

"अहो, काहीतरी जळतंय," बायको म्हणाली.

"पुढच्या ट्रकचा वास असेल."

पुढच्या वळणावर ट्रक उजवीकडे गेला. वास आमच्याबरोबर सरळ आला.

शेवटी एका रविवारी मी मोकळ्या मैदानात परीक्षा घेतली. हँडब्रेक कच्चून ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा, थोडी रेस द्यायची आणि क्लच हळूहळू सोडायचा. क्लच धडधाकट असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडतं. गाडी शिकताना प्रत्येक चौकात मी हा पराक्रम विनासायास केलेला. आज आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडावी म्हणून देवाचा धावा करत होतो, आणि ती पडेना. क्लचवरचा पाय पूर्ण उचलला तरी इंजिन आपलं मजेत गुरगुरतंय! ही परीक्षा एकदाच घ्यायची असते, कारण दर वेळी प्लेट आणखी भाजून निघते. मी चारदा घेतली. शेवटची दोनदा शेजाऱ्यांना दाखवायला.

त्यांतल्या एकाने आशेचा किरण दाखवला. म्हणाला, केबल ताणलेली असेल. पेडलला सुरुवातीला थोडी ढिलाई लागते. ती नसेल तर कुणी पाय न लावताही क्लच जरासा दाबलेला राहतो. मी डॅशबोर्डखाली उलटा शिरून हाताने पेडल दाबून पाहिलं. ढिलाई नव्हतीच! मग बॉनेट उघडून केबलचा नट अर्ध्या तासात, दोन बोटं सोलून, सैल केला. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. मी घरात मिस्त्रीच्या थाटात वावरलो. तिसऱ्या दिवशी चढ आला, आणि सासरेही सोबत होते.

खऱ्या मिस्त्रीने गाडी एक चक्कर मारून आणली आणि दोनच शब्द बोलला, "प्लेट गेली." दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स जमिनीवर होता आणि प्लेट त्याच्या हातात. अस्तर इतकं झिजलेलं, की रिव्हेटची डोकी वर डोकावत होती. फ्लायव्हीलवर निळसर-काळे डाग, तव्यावर पडावेत तसे. मी शेवटचा डाव टाकला. "मिस्त्री, ऑइल सील गळलं असेल का हो? प्लेटवर तेल आलं की तीसुद्धा घसरते म्हणे." त्याने आतून बोट फिरवून मला दाखवलं. कोरडं ठणठणीत.

मग तो ड्रायव्हरच्या दारापाशी वाकला. "साहेब, इकडे या." ब्रेकच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा नव्यासारख्या उठून दिसत होत्या. शेजारच्या क्लचच्या पेडलवर रेघ नव्हती. रबर पार गुळगुळीत, एका कडेला तर आतलं लोखंड चमकत होतं. "हाफ क्लचवर चालवता ना? पाय इथेच ठेवून, क्लच अर्धवट दाबून?"

"छे! गाडी जास्त करून मिसेस चालवतात," असं म्हणायला मी तोंड उघडलं. बायको मागेच उभी होती, म्हणून खोकलो.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीझ बेअरिंग असा सगळा सेटच बदलला. गिअरबॉक्स एकदा उतरवल्यावर एखादा जुना भाग आत ठेवून काटकसर करणारा माणूस तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला येतो, असं मिस्त्री माझ्याकडे रोखून बघत म्हणाला. फ्लायव्हीलही लेथवर घासून आणलं.

नवा क्लच खालीच पकडतो. माझ्या पायाला सवय पेडल पार वर आल्यावर गाडी हलण्याची. गॅरेजच्या दारातच गाडीने बेडूकउडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा पडली. मिस्त्रीची पोरं हसायला लागली. मला मात्र त्या गचक्याने भरून आलं.

आता बायको शेजारी बसली की रस्त्याकडे बघत नाही. डोळे माझ्या डाव्या पायावर. पाय जरा सरकला की मागून आवाज येतो, "जावईबापू, पाय!" त्यांना मागून माझा पाय दिसतो तरी कसा, हे मला अजून उमगलेलं नाही.