‘बीपी उतरलं होतं, मग सिझर कशाला?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तीव्र प्री-एक्लॅम्प्सियावरच्या (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही धरणाऱ्या आजारावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की वहिनीचं बीपी 170/110 होतं, गोळ्यांनी 140/90 वर आलं, तरी 33व्या आठवड्यात सिझर केलं. बाळ काचेच्या पेटीत आहे आणि मी मात्र डॉक्टरांचीच बाजू घेतो.

तुमचा राग समजतो. पण तुम्हीच लिहिलेल्या एका ओळीवर माझी नजर अडकली : ‘प्लेटलेट सकाळी 1 लाख 10 हजार, रात्री 78 हजार.’ प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी.

लॅबेटालॉल, निफेडिपिनने बीपी उतरतं आणि मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका कमी होतो, म्हणून ती द्यायलाच हवीत. पण दुखण्याचं मूळ वारेत (प्लासेंटात) असतं. वार पोटात आहे तोवर ते यकृताला, मूत्रपिंडाला, रक्ताला धरतं. वरून बीपी छान दिसतं आणि आत प्लेटलेट घसरतात, तांबड्या पेशी फुटतात. याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. ‘पित्त झालंय, छातीखाली आवळतंय’ असं वहिनी दोन दिवस म्हणत होती ना? यकृताला सूज आली की अगदी तसंच दुखतं.

कमरेत दिलेली, आग आग करणारी ती इंजेक्शनं बहुधा मॅग्नेशियम सल्फेटची. ती बीपीसाठी नसतात, झटके येऊ नयेत म्हणून असतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय नावाच्या औषध-चाचणीत 10 हजारांहून जास्त स्त्रिया होत्या; या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. पुढचा डोस देण्याआधी सिस्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघतात, श्वास मोजतात, लघवीची पिशवी बघतात. पाय उडला नाही तर डोस थांबतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलेलं असतं.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. 34 आठवड्यांच्या आत, बीपी आटोक्यात आणि रिपोर्ट स्थिर असतील, तर ॲडमिट ठेवून रोज तपासत थांबता येतं. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड देऊन काही दिवस मिळवता येतात. लेखात मी हे एका वाक्यात उरकलं, ती माझी चूक. हा आजार म्हणजे सिझरच, असंही नाही. पण 33 आठवड्यांना गर्भपिशवीचं तोंड कच्चं असतं, कळा आणण्यात दीड-दोन दिवस जाऊ शकतात. प्लेटलेट आणखी घसरल्या तर कमरेत भूल देणंही धोक्याचं. सही घेण्याआधी दोन मिनिटं बसून हे कुणीतरी तुम्हाला सांगायलाच हवं होतं. ते झालं नाही, तिथे मी कुणाचीही बाजू घेणार नाही.

आज चौथा दिवस ना? बाळंतिणीचं बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पुन्हा चढू शकतं, गोळ्या मनाने बंद करू नका. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, दम लागला, तर वारा बाधला म्हणून शेकत बसू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या. बाळंतपणानंतरही झटके येतात. आणि फाइल जपून ठेवा. पुढच्या खेपेला दिवस राहिले की लगेच ती डॉक्टरांना दाखवा, कारण हा आजार पुन्हा होण्याचा धोका कमी करणारी ॲस्पिरिनची छोटी गोळी शक्यतो 16 आठवड्यांच्या आत सुरू करायची असते.