सुयांनी मणक्याची नळी रुंद होत नाही

‘चीनमध्ये सिद्ध झालं! ॲक्युपंक्चरने कमरेच्या मणक्यातली दबलेली नस मोकळी होते, ऑपरेशन टळतं’ असा मेसेज फिरतोय. माझ्या मावशीनेही तो पाठवला. थोडं चाललं की तिचे पाय भरून येतात, कठड्यावर वाकून टेकली की बरं वाटतं. मणक्यातून नसा जातात ती नळी अरुंद होऊन नसा दबल्या की असं होतं. म्हणून हा खुलासा.

चाचणी खरी आहे. चीनमधल्या ५ रुग्णालयांत असाच त्रास असलेल्या १९६ रुग्णांवर झाली, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ६ आठवड्यांत १८ वेळा उपचार. एका गटाला खऱ्या सुया, दुसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या. त्रास मोजला प्रश्नावलीच्या गुणांवर. खऱ्या सुयांच्या गटात तो १२.६ वरून ८.१ वर आला. पण खोट्या सुयांच्या गटातही १२.७ वरून ९.५ वर आलाच की! दोन्ही गटांत त्रास जेवढा कमी झाला, त्यातला फरक जेमतेम १.३ गुणांचा. रुग्णाला खरोखर जाणवावा एवढा तो नाही, हे संशोधकांनीच नोंदवलंय. शिवाय मोजला तो त्रास, नळीची रुंदी नव्हे. ऑपरेशनशी तर तुलनाच नव्हती.

मावशी, सुया घ्यायच्या तर घे. पण पायातलं बळ कमी झालं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.