‘नियमांवर कॉपीराइटच नाही, मग ओजीएलची रडारड कशाला?’

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायचा खेळ, खेळणाऱ्यांत ओजीएलचा, म्हणजे त्याचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या ओपन गेम लायसन्सचा विषय निघाला की एक ठरलेला मजकूर हमखास पुढे येतो. सारांश असा: खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो, तेव्हा खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने लायसन्स देऊन मुळात काही दिलंच नव्हतं. शिवाय त्यात ‘पर्पेच्युअल’, म्हणजे कायमचं, असं लिहिलं होतं, म्हणजे ते काढून घेताच आलं नसतं. कंपनीच्या नव्या मसुद्यातली रॉयल्टी फक्त बड्या कंपन्यांना पडणार होती. आणि आता सगळं क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या खुल्या लायसन्सखाली आलंय, विषय संपला. थोडक्यात, कंपनी जुनं लायसन्स बदलू पाहतेय म्हणून जानेवारी २०२३ मध्ये झालेला गदारोळ उगाचच होता.

पहिला मुद्दा सगळ्यात भक्कम, कारण तो बराचसा खरा आहे. अमेरिकन कॉपीराइट कायद्याचं कलम १०२(बी) सांगतं की कल्पना, पद्धत, प्रणाली यांवर कॉपीराइट मिळत नाही. १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की हिशेबाच्या पद्धतीवरचं पुस्तक लेखकाचं, पद्धत सगळ्यांची. २०१६ मध्ये टेक्ससच्या फेडरल कोर्टात ‘बँग!’ या पत्त्यांच्या खेळाच्या मालकांनाही हेच ऐकावं लागलं: नियम तसेच ठेवून वेगळ्या कथेचा साज चढवलेल्या खेळाला त्यांना अडवता आलं नाही.

पण भूमिका-खेळाचं पुस्तक उघडून बघा, त्यात नुसते नियम असतात का? फायरबॉल हा मंत्र घ्या. वीस फुटांची त्रिज्या, सहा बाजूंचे आठ फासे, डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईने वाचण्यासाठी टाकलेला फासा, जमला तर निम्मं नुकसान. हा झाला नियम, कुणीही उचलावा. पण त्याच मंत्रात रोखलेल्या बोटातून एक झगझगीत रेघ निघते आणि ठरलेल्या जागी दबक्या गर्जनेसह ज्वाळांचा फुलोरा फुटतो. हे वाक्य कुणीतरी लिहिलंय, आणि लिहिलेल्या वाक्यावर कॉपीराइट असतो. एसआरडी, म्हणजे नियमांचा खुला केलेला मसुदा, अशा शेकडो मंत्रांनी आणि राक्षसांनी भरलेला आहे. नियम कुठे संपतो आणि लेखन कुठे सुरू होतं, हे प्रत्येक ओळीला ठरवायचं तर प्रकाशकाने पुस्तक लिहायचं की वकिलाची फी भरत बसायचं?

ओजीएलने २००० साली हा प्रश्न सोडवला नाही, बाजूला ठेवला. हा मजकूर शब्दशः घ्या, आमच्या खास नावांना हात लावू नका, आम्ही भांडणार नाही, असा तो सौदा होता. त्याची किंमत कळायला आधीची दहा वर्षं आठवावी लागतात. तेव्हाची मालक कंपनी टीएसआर १९९२ मध्ये चक्क गॅरी गायगॅक्सवर, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सहनिर्मात्यावरच, त्याच्या नव्या ‘डेंजरस जर्नीज’ या खेळासाठी कोर्टात गेली. निकाल लागलाच नाही. १९९४ मध्ये तडजोड झाली, टीएसआरने त्या खेळाचे हक्क विकत घेतले आणि खेळ गुंडाळला गेला. नियमांवर कॉपीराइट नाही हे तेव्हाही खरंच होतं की!

एक मात्र दावा करणाऱ्यांच्या बाजूने सांगायलाच हवं, जे ते स्वतः क्वचितच सांगतात. ओजीएल काही हक्क काढूनही घेत होतं. कलम ७ नुसार ते स्वीकारणाऱ्याने दुसऱ्याचा ट्रेडमार्क वापरून ‘अमुक खेळाशी सुसंगत’ असं वेगळ्या परवानगीशिवाय छापायचं नाही. लायसन्स न घेणाऱ्याला असं खरं विधान करायला बऱ्याचदा कायद्यात जागा असते. म्हणून विनालायसन्स छापणारे वेडे नव्हेत. त्यांनी वेगळी जोखीम पत्करलेली असते, एवढंच.

आता ‘पर्पेच्युअल’. कलम ४ मध्ये हा शब्द आहे, खरं. ‘इर्रिव्होकेबल’, म्हणजे मागे न घेता येणारं, हा शब्द मात्र नाही. मुदत संपत नाही आणि देणाऱ्याला रद्द करता येत नाही, या दोन गोष्टी वकिलाच्या लेखी एक नसतात. त्यात कलम ९ म्हणतं की लायसन्सची कोणतीही ‘ऑथोराइज्ड’ आवृत्ती वापरा. ऑथोराइज्ड म्हणजे काय, हे व्याख्यांच्या यादीत कुठेच नाही. जानेवारी २०२३ मध्ये फुटलेल्या, लायसन्सच्या नव्या १.१ आवृत्तीच्या मसुद्याने नेमकं तिथेच बोट घातलं: जुनी १.०ए आवृत्ती यापुढे ऑथोराइज्ड नाही. कंपनीनेच पूर्वी आपल्या प्रश्नोत्तरांत लिहिलं होतं की नवा बदल पटला नाही तर जुनी आवृत्ती वापरत राहा. त्यामुळे कोर्टात प्रकाशक जिंकले असते, असं मलाही वाटतं. पण प्रकरण कोर्टात गेलंच नाही, आणि मला काय वाटतं यावर कुणी छपाईची ऑर्डर देत नाही.

शिवाय हा फास डंजन्स अँड ड्रॅगन्सपुरता नव्हता. फज, फेट, मोंगूज कंपनीचा ट्रॅव्हलर या वेगळ्याच घराण्यांतल्या खेळांनीही आपले नियम याच लायसन्सखाली खुले केले होते. यांच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात हेच लायसन्स असतं, त्याच्या कलम १५ मध्ये कुणाकडून काय घेतलं याची वंशावळ, आणि त्या यादीत पहिली नोंद लायसन्सच्याच मजकुराची: कॉपीराइट २०००, विझार्ड्स ऑफ द कोस्ट. मालाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्या हातात माल बांधायची दोरी.

रॉयल्टी फक्त बड्यांना, हे आकड्यांपुरतं बरोबर. १.१ च्या मसुद्यात साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उलाढालीवर २५ टक्के, आणि ती किकस्टार्टरवरून, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या संकेतस्थळावरून, आलेली असेल तर २० टक्के. लक्षात घ्या, उलाढालीवर, नफ्यावर नाही. किकस्टार्टरवर दहा लाख जमवणाऱ्याने छपाई आणि टपालखर्च भागवायचा, वर पन्नास हजार द्यायचे. पण लहानांचं काय? पन्नास हजार डॉलरवर गेलात की कमाई कळवायची. तीस दिवसांची नोटीस देऊन कंपनी करार बदलू किंवा संपवू शकणार. आणि तुम्ही लिहिलेलं सगळं कंपनीला हवं तसं, फुकट वापरता येणार, तेही ‘इर्रिव्होकेबल’. जुन्या लायसन्समध्ये न सापडणारा शब्द इथे बरा सापडला!

राहिलं क्रिएटिव्ह कॉमन्स. नंतरच्या १.२ मसुद्यावर कंपनीनेच घेतलेल्या पाहणीत पंधरा हजारांवर उत्तरं आली, ८८ टक्के लोकांनी या लायसन्सखाली छापायचं नाही म्हणून सांगितलं, आणि २७ जानेवारीला कंपनीने एसआरडी ५.१ हा दस्तऐवज सीसी-बाय ४.० या, श्रेय दिलं की कुणालाही वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली सोडला. जुन्या ओजीएललाही हात लावला नाही. मोठा विजय होता, नाही कोण म्हणतं. पण त्या दिवशी मोकळा झाला तो एक दस्तऐवज. इतर शेकडो प्रकाशकांनी वीस वर्षांत ओजीएलखाली लिहिलेलं त्याने आपोआप क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये जात नाही. ते ज्याचं त्यालाच सोडावं लागतं.

पायझोने मग काय केलं ते बघा. ओजीएलच्याच आधाराने उभ्या राहिलेल्या पाथफाइंडर या खेळाची ही कंपनी. ओजीएल रद्द करता येतं हे आम्हाला मान्य नाही, वेळ आली तर कोर्टात जाऊ, असं तिने जाहीर केलं होतं. ओजीएलचा कायदेशीर सांगाडा ज्याने विझार्ड्समध्ये असताना घडवला, तो वकील आता तिच्या बाजूला होता. तरीही कंपनीने ऑर्क हे नवं लायसन्स उभं केलं आणि २०२३ च्याच नोव्हेंबरपासून पाथफाइंडरची मूळ पुस्तकं ओजीएलमधलं काढून नव्याने छापायला घेतली. अलाइनमेंट, म्हणजे पात्र भलं की बुरं हे सांगणारी खूण, गेली. बेसावध असण्याच्या ‘फ्लॅट-फुटेड’ या शब्दाचं ‘ऑफ-गार्ड’ झालं. मॅजिक मिसाइल हा मंत्र, म्हणजे दोन साधे इंग्रजी शब्द, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ५.१ मध्येही असलेले, त्याचंही नाव बदलून फोर्स बराज झालं.