ग्वांगझूला जाताय? निवांत जा!

कँटन फेअरला निघालात? उत्तम. १९५७ पासून चीनच्या ग्वांगझू शहरात ही व्यापारी जत्रा वर्षातून दोनदा भरते, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. ती भरली की ग्वांगझूमधल्या हॉटेलांचे दर आभाळाला टेकतात. म्हणूनच बुकिंग शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवा. मग मैदानापासून कोसभर दूर, पण नावात 'इंटरनॅशनल' असलेलं बिझनेस हॉटेल पदरात पडेल.

इंटरनॅशनल कशावरून, ते रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर कळतं. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, बीजिंग अशी ओळीने घड्याळं आणि चौघांचे मिनिटकाटे चार दिशांना. तक्रार करू नका. त्यातलं जे अर्ध्या तासाने चुकलेलं असेल, ते भारताचं समजा.

काउंटरवरची मुलगी पासपोर्ट मागेल. लगेच देऊ नका, हुज्जत घाला. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते, आणि हॉटेलात उतरलात तर ते काम हॉटेलच करतं. बिचारी तुमचाच हेलपाटा वाचवायला व्हिसाचं पान आणि विमानतळावरचा शिक्का शोधत असते. पण आपण तत्त्वाचे पक्के! पूर्वी कित्येक छोटी हॉटेलं ही कटकट नको म्हणून परदेशी पाहुण्याला दारातूनच वाटेला लावायची. असं करता येणार नाही, असं २०२४ मध्ये सरकारनेच बजावलं. त्यामुळे हल्ली सहसा नकार मिळत नाही. फक्त परदेशी पासपोर्ट संगणकात कसा भरायचा हे ज्या एकमेव ताईंना येतं, त्या नेमक्या जेवायला गेलेल्या असतात.

घोळ वाढवायला आपली नावाची पद्धतही मदतीला धावते. पासपोर्टवर तुमच्या नावाला चिकटून वडील असतात, बुकिंगवर ते नसतात. तिकडच्या रिवाजात आडनाव आधी येतं. या सगळ्याची सांगड घालता घालता खोली 'मिस्टर दत्तात्रय' यांच्या नावे निघते. राहू द्या. तीर्थरूपांची तेवढीच परदेशवारी.

आता अनामत. आपलं यूपीआय आहे, तेव्हा रोख युआन कशाला बाळगायचे? ते नाही चाललं, तरी तिकडच्या अलीपे आणि वीचॅट या पैसे भरायच्या ॲपना आपलं क्रेडिट कार्ड जोडता येतं, दोनशे युआनच्या आतल्या खर्चावर जादा आकारही लागत नाही. पण हा उद्योग घरी सोफ्यावर बसून उरकण्यात काय मजा? तो काउंटरवरच करा. मागे रांग हवी, आणि बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येणार ते पुण्यात कपाटात हवं.

लिफ्टमध्ये शिरलात की खाली बघा. गालिच्यावर वार लिहिलेला असतो आणि तो रोज बदलतात. चौथा मजला शोधू नका, बऱ्याच ठिकाणी तो नसतोच. चार आकडा अशुभ. वास्तू बघून फ्लॅट घेणाऱ्यांनी यावर हसू नये.

खोली मेहुण्यांबरोबर अर्धी-अर्धी घेतलीत हे बरं केलंत. पैसे वाचतात, आणि नात्यात पारदर्शकता येते, कारण पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंत काचेची असते. पडदा असतो, पण काही ठिकाणी त्याचं बटण पलंगाच्या बाजूला. म्हणजे आत तुम्ही, आणि बटण मेहुण्यांच्या हाती. लग्नातल्या मानपानाचं काही राहिलं असेल, तर ते आजच मिटवून टाका. गादीबद्दल बोलायचं तर कडप्प्याच्या ओट्यावर चादर अंथरली की झालं.

वायफाय फुकट आणि सुसाट. त्यावर गूगल नाही, जीमेल नाही, व्हॉट्सॲप नाही. आपल्या सिमचं रोमिंग घेतलं तर हे सगळं चालतं, पण फुकटचं वायफाय असताना रोमिंगवर पैसे कोण घालवणार? घरच्यांना दोन दिवस काळजी करू द्या, किंमत वाढते.

सकाळी नाश्त्याला 'मी शाकाहारी' असं ठणकावून सांगा. भाषांतराच्या ॲपवर ते वाचून आचारी आनंदाने मान डोलावेल आणि फरसबीच्या भाजीतला खिमा थोडा कमी वाढेल. त्याच्या हिशेबी भाजी ती भाजीच. कोपऱ्यात तांदळाची मऊ पेज आणि खारवलेल्या भाज्या असतात. कोकणातला माणूस तिथे दोन वाट्या रिचवून तृप्त होईल. पण तुम्ही तिकडे ढुंकूनही बघू नका. एवढे पैसे मोजून पेज?

रात्री पाण्याच्या बाटल्या मागवल्या तर माणूस येत नाही, यंत्र येतं. कमरेएवढा रोबो स्वतः लिफ्ट बोलावतो, दारासमोर थांबतो आणि खोलीतला फोन वाजवतो. फोनवर चिनी आवाज ऐकू आला की 'राँग नंबर' म्हणून आपटा. तो थोडा वेळ वाट बघेल आणि तुमचं पाणी घेऊन निमूट परत जाईल. आपल्याकडचा माणूस असता तर टिपेसाठी तरी घुटमळला असता. पुन्हा मागवा.

निघताना अनामत लगेच मिळत नाही. मजल्यावरची बाई खोली तपासते, वॉकीटॉकीवर खाली कळवते, मग हिशेब. कागदी सपाता, चहाच्या पुड्या खुशाल बॅगेत भरा, त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. कपाटातल्या डब्याचं प्रकरण वेगळं. त्यात आग लागल्यास तोंडाला चढवायचा धूरमास्क असतो, डब्याला सील असतं, आणि सील तुटलं की त्याची किंमत द्यावी लागते. मेहुण्यांना तो घालून फोटो काढावासा वाटणारच. अडवू नका. फक्त अनामत त्यांच्या कार्डावरून भरलेली असू द्या.