पंखा तरंगला, जाळ्यांचं काय?

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य अधूनमधून येतंच: 'रिफायनरी नको ना, मग समुद्रात पवनचक्क्या लावा. त्याला कोण विरोध करणार?' बारसूच्या रिफायनरीविरोधी आंदोलनानंतर हा चिमटा ठरलेला. मी स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला राहतो. इथे पवनचक्क्यांना विरोध करणारे आहेत आणि त्यांत मच्छीमार पुढे आहेत.

इथून उत्तरेला, पीटरहेडसमोरच्या समुद्रात २०१७ पासून 'हायविंड स्कॉटलंड' हा तरंगत्या पवनचक्क्यांचा प्रकल्प चालू आहे. प्रत्येकी ६ मेगावॉटचे ५ पंखे. तळाशी खांब ठोकलेला नाही. खाली वजन भरलेलं लांबलचक पोलादी नळकांडं पाण्यात उभं तरंगतं आणि साखळ्यांनी नांगरलेलं असतं. किनाऱ्यालगत उथळ पाणी नसलेल्या देशांना हा मोठाच दिलासा. पण त्या साखळ्यांमधून ट्रॉलरने जाळं ओढायचं कसं? म्हणून २०२२ मध्ये तिथे खेकड्यांचे पिंजरे, सापळे आणि गळ लावून मासेमारीची चाचणी घेतली. प्रकल्प उभा राहून पाच वर्षं झाल्यावर! मला विचाराल तर हे आधी व्हायला हवं होतं.

नव्या कल्पनांची कमी नाही. नॉर्वेत एका कंपनीने एकाच प्रचंड चौकटीत शंभरावर छोटे पंखे बसवायचा घाट घातलाय. स्वीडनमध्ये उभ्या आसाभोवती फिरणारा पंखा आहे. त्याचा जनरेटर पाण्याजवळ राहतो, म्हणजे दुरुस्तीला उंच चढायला नको. चित्रं बघायला झकास. मला मात्र पंखा बिघडला की काय होतं, यातच रस. २०२४ मध्ये हायविंडचे पाचही पंखे मोठ्या दुरुस्तीसाठी टगबोटींनी ओढत नॉर्वेला नेले. शेजारच्या किनकार्डीन या तशाच तरंगत्या प्रकल्पाचा एक पंखा त्याआधी रॉटरडॅमला गेला होता. एवढं अवजड धूड लावून घेणारं खोल बंदर घराजवळ नव्हतं.

आता हेच कोकणात मांडून बघा. आपल्याकडे वारा जोरात सुटतो तो पावसाळ्यात, म्हणजे बराचसा १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत. जाळी तेव्हा किनाऱ्यावरच असतात, हे सोयीचं. पण बिघडलेला पंखा त्या खवळलेल्या समुद्रातून ओढून आणणार कोण, आणि कुठल्या बंदरात?

घाई नाही म्हणा. २०२४ मध्ये केंद्राने समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली ती गुजरात आणि तमिळनाडूसाठी, दोन्हीकडे ५०० मेगावॉट. कोकण त्यात नाही. तोवर ग्रुपवरच्या काका मंडळींनी 'हवं की नको' सोडून साखळ्यांचा नकाशा मागावा. डोलीची कव, म्हणजे डोल जाळं बांधायचे समुद्रतळातले खुंट, कुठे मारायची यावरून वसई आणि पालघरच्या कोळ्यांत वर्षानुवर्षं भांडणं आहेत; तिथे नांगर टाकायची जागा त्यांना न विचारता कोण ठरवणार?