सुवर्णपदक आणि टीसीची नोकरी

"दाजी, दोन कोटीत काय येतंय हो आजकाल?" २०२४ च्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून मेहुण्याचा फोन. स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदकासाठी राज्याने दिलेलं दोन कोटींचं बक्षीस त्याच्या वडिलांनीच हरियाणाच्या आकड्यांशेजारी मांडलं होतं आणि जिल्हाभर तोच विषय होता. मेहुण्याची मुख्य तक्रार वेगळीच. "एवढा नेमबाज, आणि पदक मिळेपर्यंत रेल्वेत टीसी! तुमच्या फ्रान्समध्ये असलं असतंय का?"

नसतं, असंच पॅरिसला आल्यापासून मीही कौतुकानं सांगत आलो. मग मी फ्रेंच बॉक्सर टोनी योकाची कारकीर्द बघितली.

रिओत २०१६ साली सुपर हेवीवेटच्या फायनलमध्ये योकाने ब्रिटनच्या जो जॉयसला हरवलं. पंचांचा कौल २-१, म्हणजे थोडक्यातच. सरकारचं बक्षीस ५० हजार युरो; खरा पैसा आला टीव्हीचा. कनाल प्लुस वाहिनीने त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीची मालिकाच मांडली आणि जून २०१७ मध्ये तो पहिली लढत जिंकला. पुढच्याच वर्षी तीन डोपिंग चाचण्या चुकवल्याबद्दल एका वर्षाची बंदी आली. परतल्यावर पुन्हा विजय, एकूण अकरापैकी अकरा. प्रतिस्पर्धी मात्र बेतानेच निवडलेले. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन फेऱ्या चपळाईने काढता येतात, पण दहा-बारा फेऱ्यांत अंगावर येणाऱ्या जड गड्याला थोपवायचं हे निराळंच काम, आणि ते शिकवतील असे गडी त्याच्यापुढे आलेच नाहीत. मे २०२२ मध्ये पॅरिसमधल्या बेर्सीच्या भरल्या सभागृहात मार्टिन बाकोलेने त्याला दोनदा खाली बसवलं. त्यानंतर ४२ वर्षांचा कार्लोस ताकाम, मग रियाद मेर्ही. सलग तीन पराभव. कालपर्यंत त्याला 'आपला टोनी' म्हणणारे ऑफिसातले लोक जेवणाच्या टेबलावर त्याच्या नावाने हसू लागले.

हे मेहुण्याला सांगितलं. "म्हणजे टीसीचीच नोकरी बरी म्हणताय?"

तसंही नाही. ऑलिंपिकला जाणाऱ्या नेमबाजाने तिकिटं तपासावीत यात मला भूषण वाटत नाही. पण योकाचा पगार पुढच्या लढतीवर टांगलेला होता. रेल्वे निदान नेम चुकला म्हणून कुणाला घरी बसवत नाही. खाशाबांना तर हेलसिंकीच्या कांस्यानंतर फौजदारकीसाठीही तीन वर्षं थांबावं लागलं. आपल्याकडे नोकरीची ओढ आली ती तिथून, आळसातून नव्हे.

मला खरी हेवा वाटावा अशी वाटते ती एस्तेल मोसली. त्याच रिओत, चोविसाव्या वाढदिवशी तिने सुवर्ण जिंकलं; बॉक्सिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी पहिली फ्रेंच बाई. सराव करता करता तिने इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती. पुढे व्यावसायिक पट्टाही जिंकला. २०२४ ला पॅरिसमध्ये लवकर हरली, पण तिची ओळख एका हरण्यावर अवलंबून नव्हती.

हेही मेहुण्याला सांगितलं. तो जरा थांबला. "दाजी, आमच्या पोराला अकरावीत प्रॅक्टिससाठी कॉलेज सुट्टी देईना. त्या मोसलीच्या परीक्षेचं कोण बघायचं तेवढं विचारून सांगा."