जिथे ठेवली असेल तिथेच असेल!

काल किल्ली सापडत नव्हती. पिशवी जमिनीवर उपडी केली, खिसे उलटे करून झाले, घाम फुटलेला, निघायला उशीर होतोय. आणि शेजारी उभे असलेले गृहस्थ शांतपणे म्हणतात, "जिथे ठेवली असेल तिथेच असेल." अहो, ते कुठे, हेच तर शोधतोय ना मी!

डोकंच फिरतं माझं. चिंब भिजून दारात उभं राहावं तर "भिजलास वाटतं!" पाय घसरून आपटलो की "बघून चालायचं ना!"

या सवयीला मराठीत चपखल शब्द आहे, पिष्टपेषण. पिष्ट म्हणजे पीठ. दळलेलंच पुन्हा दळत बसायचं. चर्वितचर्वण म्हणजे चावलेलंच चावणं. किळस येते, आणि यायलाच हवी. पण हे दोन्ही शब्द कृतीचे. अशा माणसाला काय म्हणायचं? दीडशहाण्यात ती चीड उतरत नाही. उंटावरचा शहाणा निदान काहीतरी सल्ला तरी देतो, भले चुकीचा का असेना.

फ्रेंचांकडे अशा वाक्यांसाठी 'लापालिसाद' असा खास शब्द आहे. १५२५ साली पाव्हियाच्या लढाईत मारला गेलेला सेनानी ला पालिस, त्याच्या नावावरून आलेला. 'मेला नसता तर जिवंत असता', ही त्या वाक्यांची तऱ्हा. त्या बिचाऱ्याने स्वतः असं काही म्हटलेलंही नव्हतं!

किल्ली शेवटी पिशवीच्या फाटक्या अस्तरात सापडली. तर तेच गृहस्थ पुन्हा, "बघ, सापडली ना!"